वाढत्या अंगाची बॅट

मराठी घरात मुलांसाठी काहीही घ्यायचं म्हटलं, की दुकानदाराला एक वाक्य ऐकवलं जातंच : "जरा वाढत्या अंगाचं दाखवा." शाळेचा गणवेश दोन बोटं सैल, पँटीला आतून चार इंच दुमड, बुटांत पुढे कापूस कोंबायला जागा आणि सायकल अशी, की पहिलं वर्षभर पोरगं नळीखालून पाय घालून कैचीच मारतं. यात गैर काही नाही. आपल्या आयांनी याच हिशेबावर संसार निभावले. पँट सैल असली तर मुलगा फार तर बावळा दिसतो. पुढच्या वर्षी तीच पँट त्याला बरोबर बसते आणि बावळेपणा मागे राहतो. पण हाच हिशेब आपण क्रिकेटच्या बॅटला लावतो. तिथं मात्र मुलगा बॅटीएवढा होईपर्यंत त्याच्या हाताला जी खोड लागते, ती मागे राहत नाही.

आता तालुक्याच्या गावीसुद्धा उन्हाळी शिबिरं भरतात. मुलगा दोन दिवस जाऊन येतो आणि तिसऱ्या दिवशी बॅटीचं टुमणं लावतो. म्हणून या खेपेला पुस्तकं-नाटकं बाजूला ठेवून बॅटीवर लिहिते आहे. मराठी शिकवणाऱ्या बाईनं ही उठाठेव कशाला करावी, असं कुणी विचारील. माझं माहेर इंदूरचं, एवढं उत्तर पुरेसं व्हावं.

इंदूरच्या रामबाग-लोकमान्यनगरातल्या जुन्या मराठी घरांत अजूनही होळकरांच्या संघाचा विषय निघाला, की पोह्यांची दुसरी बशी भरली जाते. महाराजांनी कर्नल सी. के. नायडूंना १९२३ साली नागपूरहून इंदुरात आणलं आणि गावाला क्रिकेटचं वेड लागलं. होळकर संघानं रणजी करंडक चारदा जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. पहिल्या विजयाच्या वर्षी म्हैसूरविरुद्ध एकाच डावात आठ बाद ९१२ धावा झाल्या आणि शतकं किती, तर सहा! त्या सहांत भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर ही नावं होती. माझे बाबा क्लबांच्या सामन्यांना स्कोअर लिहायला बसत. ही नावं ते वारकऱ्यानं संतांची घ्यावीत तशी घेत.

यात बॅटीचा संबंध असा, की त्या सगळ्यांच्या बॅटी आजच्या मानानं हलक्या आणि कडेला पातळ होत्या. नायडूंनी १९२६ साली मुंबईत एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा केल्या, त्या असल्याच बॅटीनं. इंदूरच्याच मुश्ताक अलींनी १९३६ साली मँचेस्टरला ११२ धावा केल्या. परदेशात भारतीयाचं ते पहिलं कसोटी शतक. मुश्ताक म्हणजे पुढे सरसावून, मनगटावर खेळणारा माणूस. जड बॅट घेऊन तसं नाचता येत नाही. आणि जगात सगळ्यात जास्त धावांची सरासरी ठेवणारे ब्रॅडमन जी बॅट वापरत, ती सव्वादोन पौंडांच्या आतबाहेर, म्हणजे जेमतेम एक किलोची. हे सांगितलं की बहुतेक बाप-मंडळी लगेच म्हणतात, "पण सचिन तर जड बॅटनं खेळायचा." त्याच्याकडे पुन्हा येऊ.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात इंदूरला गेले, तेव्हा दादाच्या घरात थोडं तापलेलं वातावरण होतं. भाचा बारा वर्षांचा. दोन वर्षं चिमणबागेकडे सरावाला उड्या मारत जाणारा मुलगा, पण तीन महिन्यांपासून सरावाच्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं होतं. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी दुखायचं; सोमवारी, बुधवारी दुखायचं नाही. वहिनीचं म्हणणं, "ताई, अभ्यासाचं वय आहे, सुटतंय तर सुटू द्या." दादाचं म्हणणं, पोरगं आळशी झालंय. मुलगा काहीच म्हणत नव्हता. दादा तर शिबिराची पुढची फी भरायचीच नाही, या निर्णयाला आला होता.

तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? त्याची मुंज. आणि मुंजीत त्याच्या मामानं त्याला बॅट दिली होती. साधीसुधी नाही, इंग्लिश विलोची, मोठ्या माणसाची, पूर्ण मापाची. रुमालात गुंडाळून बटूच्या मांडीवर ठेवली, तेव्हा भिक्षावळीतल्या बायकासुद्धा बघायला पुढे सरकल्या होत्या. मामा हौशी. त्यानं कुठलाही कंजूषपणा केला नव्हता, आणि नेमकं तेच नडलं.

मी दादाला म्हटलं, फी भरू नकोस, पण एकदा सरांना भेटून तर घेऊ. सर म्हणजे रणजी वगैरे न खेळलेला, पण चाळीसेक पोरं रोज उन्हात उभी करणारा माणूस. त्यांनी फार बोलणं केलं नाही. भाच्याला मामाची बॅट नुसत्या डाव्या हातात धरून खांद्याच्या उंचीवर आडवी धरायला सांगितली. तो उजव्या हातानं खेळतो, म्हणजे डावा त्याचा वरचा हात. तीन आकडे मोजेपर्यंत बॅटीचं टोक खाली झुकलं. मग त्याला सरळ टप्प्याचे दहा चेंडू टाकले. आठ चेंडू आडव्या बॅटीनं मिडविकेटकडे गेले किंवा चुकले. मग एका दुसऱ्या पोराची लहान बॅट त्याच्या हातात दिली आणि तसेच दहा टाकले. सहा की सात सरळ गोलंदाजाकडे परत आले. सर दादाकडे वळून म्हणाले, "भिया, लड़का वही है." एवढंच.

हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. फलंदाजीत दिशा देण्याचं काम वरच्या हाताचं. खालचा हात फक्त साथ करतो. बॅट पेलेनाशी झाली, की वरचा हात शरण जातो आणि खालचा, जोराचा हात कारभार ताब्यात घेतो. मग बॅट सरळ खाली न येता कोयता फिरवावा तशी बाजूनं फिरते. शिवाय जड वस्तू उचलायला वेळ लागतो. चेंडूची वाट बघून मग ठरवायचं, ही चैन त्या मुलाला उरत नाही. गोलंदाजाचा हात सुटण्याआधीच तो काय मारायचं ते ठरवून टाकतो. लांबीचा जाच वेगळा. बॅट उंच असेल तर दांडा पोटाला अडतो. मग मुलगा ती शरीरापासून लांब धरतो आणि उचलताना ती गलीच्या दिशेनं तिरकी जाते. प्रशिक्षक ओरडतो, "कोपर वर, बॅट सरळ!" मुलाला कळतं सगळं, पण होत नाही. रोज दोन तास न जमणारी गोष्ट करत राहायची आणि मित्रांसमोर त्रिफळे उडवून घ्यायचे. मंगळवारी पोट दुखणारच.

त्यामुळे बॅट घेताना पहिला प्रश्न मुलाची उंची किती, हा. बॅटीचे आकडे एकपासून सहापर्यंत असतात, त्यापुढे हॅरो आणि मग मोठ्यांची शॉर्ट हँडल. नावात शॉर्ट असलं तरी ती पूर्ण मापाची बॅट आहे, हे लक्षात ठेवा. "शॉर्ट म्हणजे लहान मुलांची" असं समजून ती घेऊन येणारे पालक मी पाहिले आहेत. ढोबळ हिशेब सांगायचा तर साडेचार फुटांच्या आसपासच्या मुलाला तीन नंबर, पावणेपाचच्या पुढे चार, पाच फुटांच्या आसपास पाच, सव्वापाचच्या पुढे सहा आणि साडेपाच फूट ओलांडली की हॅरो. पूर्ण मापाची बॅट त्याहीपुढे, पाच फूट सात-आठ इंचांच्या सुमाराला. कंपनीगणिक एक-दोन इंच इकडेतिकडे होतात. म्हणून तक्त्यापेक्षा मुलाला दुकानात नेणं बरं. त्याला स्टान्स घेऊन उभा करा, बॅटीचं टोक मागच्या पायाच्या करंगळीशी टेकवा आणि बॅट सरळ उभी धरा. दांड्याचं वरचं टोक जांघेपाशी यायला हवं. कमरेच्या वर गेलं तर ती बॅट आज त्याची नाही.

दुसरा प्रश्न वजनाचा, आणि इथं नियम काही मदत करत नाही. बॅटीची लांबी ३८ इंचांपेक्षा जास्त नको, रुंदी सव्वाचार इंचांपेक्षा जास्त नको, हे ठरलेलं आहे. रुंदीची कथा तर मजेची आहे. १७७१ साली इंग्लंडमध्ये थॉमस व्हाइट नावाचा एक गृहस्थ चक्क यष्ट्यांच्या रुंदीएवढी बॅट घेऊन मैदानात उतरला. प्रतिपक्षानं बोंब मारली आणि मग रुंदीचा नियम आला. जाडीवर बंधन यायला मात्र २०१७ साल उजाडलं : कड ४० मिलिमीटर, मध्ये ६७. पण वजनावर आजही बंधन नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मुलाच्या बाबतीत ठरवतो त्याचा बाप, आणि बाप ती बॅट आपल्या हातानं उचलून बघतो! दुकानात गेलात तर हे दृश्य हमखास दिसेल. वडील बॅट फिरवतायत, एक-दोन काल्पनिक कव्हर ड्राइव्ह मारतायत, "मस्त बॅलन्स आहे" म्हणतायत, आणि ज्याच्यासाठी घ्यायची तो काउंटरला टेकून उभा आहे.

वजनकाट्यावरचा आकडा एक आणि हाताला लागणारं वजन दुसरं, हेही ध्यानात घ्यायला हवं. एकाच काट्यावर सारख्या भरणाऱ्या दोन बॅटींपैकी एक हलकी वाटते, दुसरी जड. लाकूड पात्यात कुठं जास्त ठेवलंय, त्यावर ते ठरतं. कुऱ्हाड आणि लाटणं एकाच वजनाचं असलं तरी हातात सारखं लागेल का? तसंच. बॅटीचा जो भाग चेंडूला लागला, की हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि चेंडू सुटून जातो, तो कधी खाली असतो, कधी मध्ये. आपल्याकडच्या खालून येणाऱ्या मातीच्या खेळपट्टीवर तो थोडा खाली असलेला बरा. पण शिबिरातली पोरं बहुधा सिमेंटवर मॅट टाकून खेळतात. तिथं चेंडू त्यांच्या कमरेपर्यंत उसळतो. त्यांना तो मधोमध असलेली बॅट सोयीची, आणि ती उचलायलाही हलकी लागते. दुकानदाराला हे विचारा : "मॅटवर खेळणार आहे." चांगला दुकानदार असेल तर त्याचा चेहरा उजळतो.

सगळेच उजळत नाहीत. आम्ही इंदुरात ज्या पहिल्या दुकानात गेलो, तिथल्या माणसाचा पहिला प्रश्न होता, "बजेट क्या है?" दुसरा, "कौन से प्लेयर वाली?" म्हणजे कोणत्या खेळाडूच्या नावाचं स्टिकर हवं. मुलगा किती दिवस खेळतोय, कशानं खेळतोय, हा प्रश्नच नाही. मला माझी कॅल्गरीची मावसबहीण आठवली. तिकडे हिवाळ्यात मुलं बर्फावरून फळीवर घसरतात, दोन्ही पाय त्या फळीला बांधून. तिच्या मुलीसाठी ती फळी घ्यायला गेली, तर दुकानातल्या पोरानं आधी विचारलं, हिनं बर्फावर किती दिवस काढलेत? वळता येतं का? थांबता येतं का? आणि मग त्यानं आखूड, सहज वाकणारी फळी काढून दिली, तीसुद्धा हंगामापुरती भाड्यानं. कडक फळी वेगात उत्तम, पण ती वाकवायला अंगात वजन आणि पायात कसब लागतं; नवशिक्याला ती वळूच देत नाही. बहीण सांगत होती, चांगली महागडी घ्यायची तयारी असून त्यानं विकली नाही. आपल्याकडे बॅट भाड्यानं मिळत नाही खरी, पण "किती येतं?" हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

तर किती येतं त्यावर कोणतं लाकूड, ते ठरावं. जो अजून टेनिसच्या चेंडूनं गल्लीत खेळतो, त्याला टेनिसचीच हलकी बॅट पुरे. सीझन बॉल त्या बॅटीनं खेळू नका, फुटेल. (आपण सीझन बॉल म्हणतो, इंदूरला ड्यूस बॉल म्हणतात. दुकानात घोटाळा नको.) सीझन बॉलवर नवा असलेल्याला काश्मिरी विलो. हे लाकूड जरा जड, घट्ट, रंगानं तपकिरीकडे झुकणारं. चेंडू त्यावरून इंग्लिश विलोइतका उडत नाही, पण मार भरपूर सोसतं. नवशिक्याचे निम्मे चेंडू कडेला आणि टोकाला लागतात. त्याला सोसणारी बॅट हवी, उडवणारी नको. दोन-तीन हजारांत बरी मिळते. फक्त जड लाकूड असल्यामुळे मापात अजिबात सवलत घेऊ नका. आठवड्यातून चार-चार दिवस नेटमध्ये जाणारा आणि दहापैकी सात चेंडू मधोमध मारणारा झाला, सामने खेळायला लागला, की मग इंग्लिश विलो. तीही खालच्या दर्जाची चालते. मोठ्यांच्या वरच्या दर्जाच्या बॅटी आता पन्नास हजारांच्या पुढे गेल्या आहेत, आणि तो दर्जा बराचसा दिसण्यावरून ठरतो : पात्यावरच्या रेषा किती सरळ आणि किती जवळजवळ. एक रेषा म्हणजे झाडाचं एक वर्ष. वाढत्या मुलाला दीड-दोन वर्षांत बॅट बदलायचीच आहे. त्यानं झाडाची वर्षं कशाला मोजावीत?

काश्मीरवरून आठवलं. आपल्याकडची यात्रा कंपन्यांची मंडळी काश्मीरला जातात, तेव्हा श्रीनगर-जम्मू रस्त्यावर अनंतनाग जिल्ह्यात संगम नावाच्या ठिकाणी बस थांबते. दोन्ही बाजूंना बॅटींचे कारखाने, उन्हात वाळत घातलेल्या फळ्यांच्या चळती. बघण्यासारखं दृश्य आहे. केशर, अक्रोड आणि नातवासाठी एक बॅट, अशी खरेदी करून आजोबा बसमध्ये चढतात. नातू घरी जळगावला! आजोबांच्या प्रेमाबद्दल प्रश्नच नाही, पण निघताना त्याची उंची एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायला काय लागतं? आपल्या देशातले बॅटींचे मोठे उद्योग मात्र मेरठ आणि जालंधरला. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथं आपली बिऱ्हाडं आणि आपली हत्यारं दोन्ही मांडली. आज इंग्लिश विलोच्या फळ्याही बहुतेक तिथंच येऊन बॅटी होतात.

आता सचिन. तो जड बॅटनं, तीन पौंडांच्या वरच्या बॅटनं खेळायचा, हे खरंच आहे. लहानपणी थोरल्या भावाच्या मोठ्या बॅटीनं खेळल्यामुळे तो दांडा पार खाली, पात्याजवळ धरायला शिकला आणि ती पकड त्याला जन्माची चिकटली, हेही खरं. म्हणजे त्याच्यासारख्या माणसाच्या हातालासुद्धा वाढत्या अंगाच्या बॅटीनं वळण लावलंच. त्यानं त्या वळणाचं सोनं केलं. पण हे उदाहरण देऊन पोराच्या हातात सव्वा किलो लाकूड देणं म्हणजे ज्ञानेश्वरांनी सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली, म्हणून दहावीच्या मुलाकडून टीकाग्रंथाची अपेक्षा करण्यासारखं आहे. यापेक्षा मला सांगलीच्या स्मृती मानधनाची गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. राहुल द्रविडनं तिच्या भावाला दिलेली एक बॅट घरी होती, जपून ठेवावी अशी. स्मृतीनं ती सहज उचलून पाहिली, तर हाताला अशी तोलदार लागली, की ती तिनंच वापरायला घेतली. त्याच बॅटीनं २०१३ साली वडोदऱ्यात, एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात तिनं नाबाद २२४ धावा केल्या. बॅट कोणी दिली हे महत्त्वाचं नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण ती तिच्या हाताला बसली नसती तर भिंतीवरच राहिली असती.

मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगते. घरात भावाची जुनी बॅट असते, तीच बहिणीच्या हातात जाते; तिचं माप कोणी घेत नाही. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये महिलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. इंग्लंडविरुद्ध आपल्या मुली तिथं चार धावांनी हरल्या आणि पुढे २ नोव्हेंबरला नवी मुंबईत विश्वचषक घेऊन गेल्या. तेव्हापासून दादाच्या गल्लीत संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांत दोन वेण्यासुद्धा दिसतात. त्यांच्यासाठीही हेच सगळं लागू, एक इंच कमी-जास्त नाही.

दुसऱ्या दुकानात आम्हाला हवा तसा माणूस भेटला. म्हातारा, चष्मा नाकावर. त्यानं भाच्याला आधी उभा केला आणि दाराच्या चौकटीवरच्या खुणांशी उंची पाहिली : चार फूट अकरा इंच. पाच नंबरच्या चार बॅटी काढून त्याच्यापुढे ठेवल्या आणि दादाला खुर्चीवर बसायला सांगितलं. नुसत्या डाव्या हातानं प्रत्येक बॅट उचलून सरळ ड्राइव्ह मारायचा, असं दहा-दहा वेळा. दोन तिथंच बाद झाल्या. उरलेल्या दोघींत एकीचा दांडा त्याच्या बोटांना जाड होता. राहिली ती काश्मिरी विलोची, ९७० ग्रॅमची. मामाची बॅट आम्ही सोबत नेली होती. ती काट्यावर १,२२० भरली. पाव किलोचा फरक. वहिनी पहिल्यांदाच बोलली, "म्हणजे पावशेर साखर टोकाला बांधून खेळत होता की हो!" म्हाताऱ्यानं दोन हजार सहाशे घेतले आणि वर अर्धा तास शिकवणी दिली.

ती शिकवणी अशी. नवी बॅट आणली, की लगेच मैदानात न्यायची नाही. कच्चं जवसाचं तेल (आपल्याकडे जवसाला तोटा नाही, घाण्यावरचं चालेल) फडक्यानं पात्याच्या तोंडाला, कडांना आणि टोकाला पातळ लावायचं. दांडा जिथं पात्यात बसवला आहे तिथं तेल लावायचं नाही, सांधा सैल होतो. रात्रभर आडवी ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. दोन-तीन हात पुरेत. तेलात बुडवून ठेवणारे लोक बॅट जड आणि मऊ करून ठेवतात. मग लाकडी हातोडीनं, आधी हळू, मग जोरानं, पात्यावर ठोकत राहायचं. कडांना सरळ ठोकायचं नाही, तिरक्या हातानं गोलाई आणायची. हे काम पाच-सहा तासांचं आहे, आणि ते एका दिवसात उरकायचं नाही. मग काही दिवस जुन्या, मऊ पडलेल्या चेंडूवर. खेळपट्टीच्या ओलीत बॅट टेकवून उभं राहायचं नाही, टोक फुगतं. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच टाकायची नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात लाकूड तडकायला एक दुपार पुरते.

त्या आठवड्यात दादाच्या घरी रोज रात्री जेवणानंतर ठक्-ठक्-ठक् चालायचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा विचारलं, कसलं काम काढलंय. फी भरली गेली. मंगळवारचं पोट दुखायचं थांबलं. धावांचं म्हणाल, तर लगेच काही डोंगर रचले नाहीत. पहिल्या सामन्यात अकरा केल्या. पण त्यातल्या आठ समोर, सरळ बॅटीनं, हे त्यानं मला फोनवर दोनदा सांगितलं.

राहिला मामा. त्याला कसं सांगायचं यावर वहिनीच्या दोन रात्री गेल्या. माहेरचा प्रश्न, त्यातून मुंजीचा आहेर. शेवटी भाच्यानंच फोन लावला आणि सांगून टाकलं, "मामा, तुझी बॅट मोठी आहे मला. तीन वर्षांनी बसेल." मामा दिवाळीत आला तो स्वतःच ती बॅट कपाटावरून काढून बघत बसला. पुण्याला जाताना म्हणाला, तोवर मीच वापरतो. आता तो दर रविवारी सोसायटीच्या मैदानावर त्या बॅटीनं खेळतो, चाळिशीत, गुडघ्याला पट्टा बांधून. बदल्यात त्यानं भाच्याला पॅड पाठवले. पाठवण्याआधी वहिनीला फोन करून विचारलं होतं, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत किती इंच.